व्हीआर हेडसेटवर पैसे घालावेत का? वापरलेल्यांनी लिहा

मुठेकाठी (पुणे)

नमस्कार मंडळी. व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात शिरायचं यंत्र, घ्यायचा की नाही हे बरेच महिने मनात घोळतंय. मावसभाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकडून मागवायचा तर आता ठरवायलाच हवं.

आधी माझी परिस्थिती सांगतो, म्हणजे नेमकं सांगता येईल. घरी डेस्कटॉप आहे, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. स्टिअरिंग व्हील आहे, त्यावर असेटो कोर्सा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. बाकी गोष्ट असलेले गेम, तेही रात्री मुलगी झोपल्यावर. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला द्यावा का हाही प्रश्न आहे. हॉलमधला सोफा सरकवला की साधारण सात फूट बाय सहा फूट मोकळी जागा मिळते. बजेट ४५ हजार, ताणून ५०.

एकदा मॉलमध्ये त्या हलणाऱ्या खुर्चीवर बसून रोलर कोस्टर पाहिला आणि उतरल्यावर तासभर मळमळत होतं. पण ऑफिसातल्या मित्राकडे बीट सेबर (गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे कापायचा गेम) खेळलो तर काही त्रास झाला नाही, उलट हेडसेट काढवेना. यातलं खरं कुठलं धरायचं? मेटाचे क्वेस्ट ३, क्वेस्ट ३एस आणि सोनीचा पीएसव्हीआर २ यांत माझ्यासाठी काय बरं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सहा महिन्यांनी तो कपाटात तर जाणार नाही ना? बायकोचा हाच प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

मुठेकाठी, मॉलमधल्या खुर्चीवरून व्हीआरचं माप काढू नका. तिथे दृश्य आपोआप पुढे धावतं, त्यावर तुमचा ताबा नसतो. शिवाय त्यातले बरेच हेडसेट फक्त मान वळवलेली ओळखतात. तुम्ही पुढे झुकलात, बाजूला सरकलात तर त्यांना कळत नाही. डोळे सांगतात आपण कोसळतोय, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते जागेवर बसलोय. मळमळ होते ती या विसंगतीमुळे. बीट सेबरमध्ये तुम्ही एका जागी उभे असता आणि मान वा हात हलवाल तेवढंच दृश्य बदलतं, म्हणून पोटाची तक्रार नाही.

याचा सरळ उपयोग असा, की सुरुवातीला एका जागी उभं राहून खेळायचे गेम घ्या. बीट सेबर, सुपरहॉट, वॉकअबाउट मिनी गोल्फ, मॉस. चालायचं असेल तिथे कंट्रोलरच्या काठीने सरकत जाण्याऐवजी टेलिपोर्टचा (एकदम त्या जागी पोचण्याचा) पर्याय निवडा. जरा गरगरलं की लगेच काढा, "सवय होईल" म्हणून रेटू नका. रेटलं तर मेंदू हेडसेटचा वासही मळमळीशी जोडून ठेवतो. समोर टेबल फॅन लावला तर दुहेरी फायदा होतो. घाम कमी येतो आणि वारा कुठून येतोय त्यावरून आपण खोलीत कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहोत हे अंगाला कळत राहतं.

आता मूळ प्रश्न. पहिल्या आठवड्यात व्हीआर सगळ्यांनाच आवडतं. पाहुणे येतात, रांग लावून घालतात, व्हिडिओ काढतात. त्या आठवड्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. दुसऱ्या महिन्यातल्या एखाद्या कंटाळवाण्या बुधवारी, ऑफिसातून दमून आल्यावर, तुम्ही कशासाठी सोफा सरकवाल? एका तरी गेमचं नाव चटकन तोंडात आलं तर घ्या. नाव येत नसेल आणि "नवीन काहीतरी येईलच" एवढंच मनात असेल तर थांबा. गेली कित्येक वर्षं मी ओळखीच्या लोकांना हेच विचारतो. ज्यांच्याकडे उत्तर होतं त्यांचे हेडसेट अजून वापरात आहेत.

तुमच्या बाबतीत उत्तर मला दिसतंय. स्टिअरिंग व्हील घरात आहे, म्हणजे गाडी. त्यावर बाकीचे लिहितीलच.

क्वेस्ट ३ की ३एस, याबद्दल. दोन्हींत चिप तीच, स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २, आणि रॅमही ८ जीबीच. म्हणजे कुठलाही गेम एकावर चालतो आणि दुसऱ्यावर नाही असं नाही. फरक भिंगांत आणि पडद्यात आहे. ३एसमध्ये जुन्या क्वेस्ट २ सारखी फ्रेनेल भिंगं आहेत. मधोमध स्पष्ट, कडांना धूसर, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की प्रकाशाचे फराटे दिसतात. क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक भिंगं आहेत, त्यात डोळे फिरवून कडेला पाहिलं तरी स्वच्छ दिसतं. पडदा प्रत्येक डोळ्याला ३एसमध्ये १८३२ बाय १९२०, तर ३ मध्ये २०६४ बाय २२०८. उभं राहून नाचण्या-मारण्याच्या गेमना ३एस पुरेसा आहे. गाडीच्या डॅशबोर्डवरचे आकडे वाचायचे असतील तर क्वेस्ट ३ चे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

वर्धेकाठ (नागपूर)

दोघांचंही वाचलं. उलट बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

हे "आता येणार, आता येणार" फार जुनं आहे. निन्टेन्डोचा व्हर्च्युअल बॉय १९९५ साली आला आणि वर्षभरात गुंडाळला. आताची लाट २०१२ पासून धरा, ऑक्युलस कंपनीने किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून पैसे उभे केले तेव्हापासून. २०१४ मध्ये फेसबुकने (आताची मेटा) ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घेतली. तेव्हापासून इतकी वर्षं झाली, तरी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या हार्डवेअर सर्वेक्षणात व्हीआर हेडसेट असलेले लोक शंभरात दोनच्या आसपासच घुटमळतात. थ्रीडी टीव्ही आठवतात का? इथल्या शोरूममध्येही चष्मे घालून बसवायचे. २०१७ पर्यंत सोनी आणि एलजी दोघांनीही ते बनवणं सोडलं होतं.

आणि यात ग्राहकाचं काय होतं ते पाहा. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज मिक्स्ड रिॲलिटी आणलं, एचपी, सॅमसंग, लेनोवो सगळ्यांनी त्यावर हेडसेट काढले. २०२३ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने ते मोडीत काढल्याचं जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. एचपी रिव्हर्ब जी२ हा २०२० सालचा ६०० डॉलरचा उत्तम पडद्याचा हेडसेट, तो त्या विंडोजवर एका अपडेटसरशी बंद पडला. यंत्रात बिघाड काहीही नव्हता. पुढे एका अभियंत्याने स्वतःहून ड्रायव्हर लिहिला, तोही फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालतो. कंपनीने हात काढून घेतले ते घेतलेच.

गूगलचं डेड्रीम गेलं, सॅमसंगचं गिअर व्हीआर गेलं. क्वेस्ट प्रो २०२२ च्या ऑक्टोबरात १,५०० डॉलरला आला आणि पुढच्या मार्चमध्ये १,००० वर आणला गेला. ज्यांनी पहिल्या महिन्यात घेतला त्यांनी काय समजायचं? मेटाच्या रिॲलिटी लॅब्सचा, म्हणजे हे हेडसेट बनवणाऱ्या विभागाचा, २०२४ सालचा तोटा १७ अब्ज डॉलरच्या वर आहे. मालक जोवर हौसेने पैसे ओततोय तोवर हे चालणार. ज्या दिवशी ओतणं थांबेल त्या दिवशी आपल्या घरातल्या यंत्राचं काय?

५० हजारांत चांगला मॉनिटर येतो, जो दहा वर्षं टिकेल आणि घरातल्या सगळ्यांना वापरता येईल.

कृष्णाकाठ (सांगली)

वर्धेकाठ, तुमचा एकही मुद्दा खोटा नाही. मी त्यात भरच घालतो. रेडी ॲट डॉन या स्टुडिओचा इको व्हीआर म्हणजे शून्य गुरुत्वाकर्षणात तरंगत खेळायचा सांघिक खेळ होता, जगभर त्याचे संघ होते. मेटाने तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये बंद केला आणि वर्षभराने स्टुडिओही बंद केला. मी तो खेळलो आहे. त्याच्यासारखं दुसरं काही आलेलं नाही आणि ते गेल्याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं.

पण यातून निघतं काय? भविष्यावर पैसे लावू नका, एवढंच. आज दुकानात जे गेम आहेत तेवढेच कायम राहणार, पुढे एकही येणार नाही असं धरून हिशोब करा. हाफ-लाइफ: ॲलिक्स २०२० च्या मार्चमध्ये आला. इतक्या वर्षांत त्याच्या तोडीचे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले हे मान्य. पण तो खेळला नसेल तर तो तुमच्यासाठी नवाच आहे. त्यात एका खोलीत तुम्ही दाराआडून डोकावता, टेबलावरची बाटली हातात घेऊन प्रकाशात धरून बघता, काडतुसं पाठीवरच्या पिशवीतून काढून बंदुकीत भरता आणि शत्रू जवळ येत असताना तुमचा हात खरोखर थरथरतो. हे सपाट पडद्यावर होतच नाही, मॉनिटर कितीही मोठा घ्या.

मॉनिटरशी तुलना मला म्हणून पटत नाही. मॉनिटर आधीच्याच गोष्टी जास्त चांगल्या दाखवतो. इथे अनुभवच वेगळा आहे. तो ज्याला हवा त्याने घ्यावा, ज्याला नको त्याचं काही अडत नाही.

पिंगपाँग (ठाणे)

मी गेमर नाही, त्यामुळे माझं उत्तर वेगळं असेल. मी क्वेस्ट घेतला तो टेबल टेनिससाठी. शाळेत आणि कॉलेजात खेळायचे, मग नोकरी, मूल, आणि इथे सोसायटीत टेबल ठेवायला जागा नाही. इलेव्हन टेबल टेनिस नावाचा गेम आहे. चेंडूची फिरकी, टप्पा, बॅटचा कोन इतका खरा आहे की पहिल्याच संध्याकाळी माझा बॅकहँड परत आला. अजूनही आठवड्यातले बहुतेक दिवस खेळते. घाम निघतो, खांदे मोकळे होतात. जिममध्ये मी कधीच टिकले नाही.

आपल्या घरांबद्दल जे परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे छताचा पंखा. आपल्याकडे पंखा खाली असतो आणि बीट सेबर किंवा बॅडमिंटनसारख्या खेळात हात पूर्ण वर जातो. हेडसेट जी सीमारेषा आखतो ती जमिनीवरची, पंखा त्याला माहीत नसतो. मी खेळताना पंखा बंद ठेवते आणि स्टँडचा पंखा लावते. तुमची उंची आणि पंख्याची उंची दोन्ही मोजा, मुठेकाठी.

दुसरी गोष्ट जागा. मेटा दोन मीटर बाय दोन मीटर सांगते. तुमचं सात बाय सहा म्हणजे एका बाजूने किंचित कमी पडतंय. चालेल, पण लांब फटके मारताना भिंत आठवावी लागेल. पायाखाली छोटी गोल सतरंजी टाका. तळव्याला कड लागली की आपण मध्यापासून सरकलो हे कळतं. माझ्यासाठी ही सगळ्यात उपयोगी युक्ती ठरली.

तिसरी ऊन. दुपारी खिडकीतून आलेलं ऊन भिंगावर पडलं तर ते एकवटून आतल्या पडद्यावर डाग पाडतं आणि तो डाग जात नाही. वापरून झालं की भिंगं खाली करून डब्यात. आणि भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, स्पिरिट, सॅनिटायझर काही नाही. चेहऱ्याला लागणारं कापडी कव्हर काढून सिलिकॉनचं बसवा, नाहीतर मे महिन्यात वास येतो.

आता एक खास गोष्ट. माझा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. आम्ही आधी दोघं टेबल टेनिस खेळून पाहिलं, पण मुंबई ते न्यू जर्सी एवढ्या अंतरात चेंडूला उशीर होतो, जलद रॅली जमत नाही. मग वॉकअबाउट मिनी गोल्फ सापडला. त्यात ज्याचा त्याचा चेंडू, त्यामुळे उशीर जाणवत नाही. आमची रविवारची सकाळ म्हणजे त्याची शनिवारची रात्र. दोघं एका बेटावर, शेजारी शेजारी उभे. तो माझ्या डाव्या हाताला असेल तर आवाज डावीकडून येतो. फोनवर आमचं बोलणं "जेवलास का, आई कशी आहे" याच्या पुढे जात नसे. इथे एकीकडे चेंडू मारत असतो आणि मधल्या शांततेत कधी नोकरीचं, कधी लहानपणचं निघतं. व्हिडिओ कॉलवर गप्प बसता येत नाही, इथे येतं. माझ्यासाठी हेडसेटची किंमत यातच वसूल झाली आहे.

डोळस (नाशिक)

व्यवसायाने ऑप्टोमेट्रिस्ट आहे, त्यामुळे मुलीच्या प्रश्नावर लिहितो.

प्रत्येकाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर वेगळं असतं. हेडसेटची भिंगं त्या अंतरावर आली नाहीत तर चित्र धूसर दिसतं आणि डोक्याच्या पुढच्या भागात दुखतं. क्वेस्ट ३ ला चाक आहे, त्याने हे अंतर हळूहळू जुळवता येतं. ३एसला फक्त तीन ठिकाणं आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिमी. तुमचं माप या तिन्हींपैकी एकाच्या जवळ असेल तर प्रश्न नाही. मापासाठी चष्म्याच्या दुकानात जा, दोन मिनिटांचं काम आहे.

नऊ वर्षांच्या मुलीचं माप बहुतेक ५८ च्या खाली असेल. मेटा पालकांच्या देखरेखीखालचं खातं दहा वर्षांपासून देते, सोनीने पीएसव्हीआर २ ला किमान १२ वर्षं सांगितली आहेत. दुसरा मुद्दा असा, की हेडसेटमध्ये वस्तू जवळ दिसो वा लांब, भिंगामुळे डोळ्याचा फोकस एकाच ठराविक अंतरावर राहतो, आणि दोन्ही डोळे मात्र वस्तूच्या अंतराप्रमाणे आत वळतात. खऱ्या जगात या दोन गोष्टी बरोबरीने होतात. मोठ्या माणसाला याने थोडा थकवा येतो. वाढत्या वयातल्या डोळ्यांबद्दल मी सावधच राहीन. मुलीसाठी म्हणून हेडसेट घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. तिने कधीतरी तुमच्यासमोर पाच-दहा मिनिटं चित्र काढून पाहिलं तर गोष्ट वेगळी.

मुलांचं आवडतं गोरिला टॅग फुकट आहे, त्यामुळे ती ते मागणारच. त्यात अनोळखी माणसांशी थेट आवाजी बोलणं होतं. आवाज बंद ठेवायची सोय आहे, ती आधी शोधा.

चष्मा असेल तर तुमच्या नंबरची भिंगं हेडसेटमध्ये बसवून मिळतात, ती घ्या. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगावर घासली तर दोन्हींवर ओरखडे येतात. फिट येण्याचा इतिहास असेल, पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

रंकाळा_रेसर (कोल्हापूर)

मुठेकाठी भावा, तुझ्याकडे व्हील आहे म्हणजे निम्मा खर्च झालेला आहे. व्हीआरचं सगळ्यात सच्चं काम कशात होत असेल तर ते गाडीत आणि विमानात. कारण खऱ्या आयुष्यातही तू बसलेलाच असतोस, हातात चाक असतं, समोर डॅशबोर्ड असतो. जे दिसतं आणि जे हाताला लागतं ते एकच. जागा लागत नाही, पंख्याला हात लागत नाही, सोफा सरकवायचा प्रश्न नाही.

मॉनिटरवर वळण कळतं ते रस्त्याच्या चित्रावरून. हेडसेटमध्ये तू वळणाच्या आतल्या कडेकडे मान वळवून बघतोस, खरा ड्रायव्हर बघतो तसा. रस्त्याचा चढउतार डोळ्यांना कळतो. नुर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर मी वर्षानुवर्षं सपाट पडद्यावर गाडी पळवली होती, पण तो रस्ता इतका खाली उतरतो आणि इतका वर चढतो हे व्हीआरमध्ये पहिल्यांदा कळलं. शेजारची गाडी आपल्या दाराशी आहे की अर्धी मागे आहे हे मान वळवून दिसतं, त्यामुळे धडका कमी झाल्या.

पण सुरुवातीला पोट बिघडेल. मान रस्त्याच्या आडव्या रेषेवर ठेव, गाडी फिरली आणि गरगरायला लागली तर डोळे मिटून घे. सुरुवात रुंद, सपाट ट्रॅकवर कर, रॅली शेवटी.

३०६० वर असेटो कोर्सा चालेल, समोर वीस गाड्या आणि पाऊस मात्र मागू नकोस. हिशोब असा की व्हीआरमध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी पडून चालत नाहीत. मॉनिटरवर ६० चे ५० झाले तर आपण खपवून घेतो, इथे ७२ किंवा ९० च्या खाली गेलं की डोकं दुखतं. म्हणून आधी आरसे, सावल्या, गवत यांच्या सेटिंग खाली आण. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ३०६० वर नेटाने सेटिंग लावलीस तर होतं, पण शहरावरून उडताना धापा टाकतं.

प्लेस्टेशन ५ असता तर मी पीएसव्हीआर २ सुचवला असता. अख्खा ग्रान टुरिस्मो ७ त्यात व्हीआरमध्ये खेळता येतो आणि ओलेड पडद्यावर रात्रीची शर्यत म्हणजे काळोख खरोखर काळोख असतो. २०२३ च्या शेवटी आपल्याकडे आला तेव्हा ५८ हजारांच्या आसपास होता. पीसीला जोडायचा ॲडाप्टर २०२४ मध्ये निघाला, पण पीसीवर डोळ्यांचा मागोवा, एचडीआर, हेडसेटची थरथर हे काही चालत नाही. तुझ्याकडे कन्सोल नाही, म्हणून क्वेस्ट ३.

एकटीच_बरी (मुंबई)

कोणी काढला नाही म्हणून एक मुद्दा. या हेडसेटला बाहेर बघणारे कॅमेरे आहेत आणि ते तुमच्या खोलीचा नकाशा तयार करतात. त्याशिवाय यंत्र चालत नाही हे समजतं. पण ज्या कंपनीचा धंदा जाहिरातींचा आहे तिच्या खात्याशी हे जोडलेलं आहे. २०२० मध्ये क्वेस्ट २ ला फेसबुक खातं सक्तीचं केलं होतं, लोक भांडले तेव्हा २०२२ मध्ये वेगळं मेटा खातं आलं. सेटिंगमध्ये जाऊन माहिती पाठवण्याचे पर्याय पहिल्याच दिवशी बंद करा. आणि विकत घेतलेले गेम त्या खात्याशी बांधलेले असतात. खातं गेलं तर गेम गेले. त्यामुळे पीसी असलेल्यांनी जिथे शक्य असेल तिथे गेम स्टीमवरच घ्यावेत. उद्या हेडसेट दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी ते बरोबर येतात.

वर्धेकाठ (नागपूर)

हा मुद्दा मला पटला. स्टीमवर घ्या, म्हणजे निदान एक दोरी तरी आपल्या हातात राहील. पिंगपाँग ताईंचं भावाबरोबरचं वाचून बरं वाटलं. तंत्रज्ञान टिकेल की नाही याबद्दलचं माझं मत तेच आहे, पण त्यांच्या रविवारच्या सकाळींना मी फालतू खर्च म्हणणार नाही.

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०२५ च्या नोव्हेंबरात स्टीम फ्रेम हा हेडसेट जाहीर केला, तेव्हा २०२६ मध्ये येणार म्हणाले होते. त्यासाठी थांबायला सांगावं का यांना?

कृष्णाकाठ (सांगली)

थांबायचं कारण दिसत नाही. जाहीर करताना किंमत सांगितली नव्हती, आणि व्हॉल्व्हचा स्टीम डेक (हातात धरून खेळायचा कन्सोल) २०२२ मध्ये बाजारात आला, पण २०२५ पर्यंत तरी भारतात अधिकृतपणे विकत नव्हते. फ्रेम आला तरी आपल्यापर्यंत पोचायला तोच आडमार्ग. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर २०२५ च्या ऑक्टोबरात आला तो १,८०० डॉलरचा, ॲपलचा व्हिजन प्रो ३,५०० चा. गेम खेळणाऱ्यासाठी या किमतींना अर्थ नाही.

वसतिगृह_कोपरा (छत्रपती संभाजीनगर)

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बजेट १५ हजारांच्या आत. जुना क्वेस्ट २ घ्यावा का? मोबाइल घालायचे डबे मिळतात ते कसे?

कृष्णाकाठ (सांगली)

मोबाइलचे डबे नको. ते फक्त मान ओळखतात आणि हात ओळखतच नाहीत. त्यावर पैसे घालवून "व्हीआर असंच असतं" असं मत होतं, ते जास्त वाईट.

क्वेस्ट २ आजही बीट सेबर, टेबल टेनिस, मिनी गोल्फ आणि पीसीला जोडून ॲलिक्स खेळायला चालतो. मात्र नवे मोठे गेम त्याला सोडून पुढे गेलेत. बॅटमॅन: अर्खम शॅडो क्वेस्ट ३ आणि ३एसवरच चालतो. जुना घ्यायचाच तर समोर बसून घालून बघ. पांढरा पडदा लावून दोन्ही डोळ्यांत उन्हाचे डाग आहेत का पाहा. कंट्रोलरच्या काठ्यांना हात न लावता चित्र आपोआप सरकतंय का पाहा. पट्ट्याच्या कडेचं प्लास्टिक तडकलंय का ते बोट फिरवून बघ. विकणाऱ्याला त्याच्या खात्यातून तो काढून, फॅक्टरी रीसेट करून, तुझ्या फोनवर तुझ्याच खात्याने चालू करून दाखवायला सांग, पैसे त्यानंतर दे. बॅटरी पूर्ण भरून दीड तास तरी टिकली पाहिजे.

आणि आधी एखाद्या मित्राचा आठवडाभर मागून बघ. वसतिगृहात दोन-चार जणांनी मिळून घेतला तरी चालेल, त्या वयात तो पडून राहणार नाही.

हडसनपार (न्यू जर्सी)

मावसभावाकडून मागवणाऱ्यांसाठी. २०२५ मध्ये क्वेस्ट ३ ५१२ जीबीची छापील किंमत ५०० डॉलर होती, ३एस १२८ जीबीची ३००. इथे ६.६२५ टक्के विक्रीकर वर लागतो, म्हणजे तेव्हा अनुक्रमे ५३३ आणि ३२० डॉलरच्या आसपास पडायचे. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये ३एस आणि गेमच्या जोड्या स्वस्त मिळतात, तेव्हा घ्यायला सांगा.

आत लिथियम बॅटरी आहे, म्हणून केबिनच्या बॅगेत आणू द्या. पावती जवळ ठेवा आणि प्रवाशांच्या सामानाला करमाफी किती आहे हे निघण्याआधी भारतीय कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घ्या, त्याचं बाकीचं सामानही त्याच मर्यादेत मोजलं जातं. चार्जर २४० व्होल्टवर चालतो, फक्त चपट्या पिनसाठी ॲडाप्टर लागेल. वॉरंटी इथलीच धरा, बिघडला तर इथे परत पाठवावा लागेल. त्यामुळे भावाला निघण्याच्या आधी एक-दोन दिवस तो चालवून बघायला जरूर सांगा, दोष असेल तर इथेच बदलून मिळेल.

मुठेकाठी (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोनेही पूर्ण धागा वाचला. कृष्णाकाठ यांच्या बुधवारच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, असेटो कोर्सा. तिने पिंगपाँग ताईंचं वाचून मिनी गोल्फचं नाव घेतलं, तिची बहीण मेलबर्नला असते. मुलीला सध्या नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं. क्वेस्ट ३ सांगतोय भावाला.

शेवटचा प्रश्न. पीसीला केबलने जोडू की वायफायने? पीसी आतल्या खोलीत आहे, व्हील तिथेच आहे, राउटर हॉलमध्ये.

रंकाळा_रेसर (कोल्हापूर)

गाडीसाठी तू पीसीसमोरच बसणार, तर सरळ केबल घे. यूएसबी ३ ची, पाच मीटर लांब, आणि पीसीच्या मागच्या पोर्टात लाव, पुढच्या नाही. काही पोर्ट पुरेसा करंट देत नाहीत, मग खेळता खेळता बॅटरी हळूहळू उतरते. क्वेस्ट ३ ची बॅटरी मुळात दोन तासांच्या थोडी वर. मधेच चार्जरची पिन असलेली केबल मिळते, ती बघ.

हॉलमध्ये उभं राहून ॲलिक्स खेळायचा असेल तेव्हा वायफाय. त्यात एकच नियम: पीसी राउटरला लॅन केबलने जोडलेला हवा, आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर, राउटर त्याच खोलीत. तुझा राउटर हॉलमध्येच आहे, म्हणजे फक्त आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढायची आहे. पीसीवरचा गेम वायफायने हेडसेटमध्ये दाखवणारं स्टीम लिंक ॲप फुकट आहे, त्यावर आधी बघ. समाधान झालं नाही तर त्याच कामाचं व्हर्च्युअल डेस्कटॉप विकत घे. मेटाच्या दुकानात घेतलेलं दोन तासांपेक्षा कमी वापरलं असेल तर १४ दिवसांत पैसे परत मिळतात, स्टीमचंही तसंच. त्यामुळे गेम घेतलास की पहिल्याच बैठकीत पोट आणि डोळे काय म्हणतात ते बघून घे.

व्हील लावायच्या आधी हेडसेट घालून डोळे मिट आणि हाताने चाक, गिअर, हँडब्रेक चाचपून बघ. गेममधली सीट पुढेमागे करून चित्रातलं चाक खऱ्या चाकावर आण. हे जमलं की मग पहिली फेरी मार.